पहिला अल्बम काढायचाय? आधी गाणी झिजवून आण

तुझा प्रश्न मला असा समजला. तू खानापूरकडचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, चौघांचा रॉक बँड, स्वतःची १४ गाणी तयार, सगळ्यांनी मिळून ८० हजार जमवलेत. आता बेंगलोरला मोठ्या स्टुडिओत जावं की इथंच करावं, मराठीत गावं की हिंदी-इंग्लिशमध्ये, झाल्यावर लोकांपर्यंत न्यायचं कसं, आणि सगळ्यात शेवटी हळूच एक ओळ, की घरचे विचारतात नोकरीचं काय.

मी दिवसा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, मशीन शॉपमध्ये असतो, संध्याकाळी बास वाजवतो, पंचवीसेक वर्षं झाली. वडगावात आमच्या माडीवर जिथं आजोबांचे माग होते तिथं आता माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. खोलीच, स्टुडिओ म्हणायची लाज वाटते. आजवर बेळगाव, निपाणी, हुबळीकडचे मिळून २२ बँड अल्बम करायचाय म्हणून माडी चढून आले, त्यातले पूर्ण अल्बम घेऊन उतरले ५. बाकीचे १७ मध्येच गळाले, आणि खरं सांगतो भावा, त्यातला एकही पैसे संपले म्हणून किंवा माइक स्वस्तातला होता म्हणून गळाला नाही. गाणी कच्ची होती. घरात वाजवताना ती कच्ची आहेत हे कळत नाही, हेडफोन लावून आपलंच ऐकलं की कळतं आणि मग एकमेकांकडं बघणं सुरू होतं.

आमचंही तेच झालेलं. २००४ साल. राणी चन्नम्मा एक्सप्रेसला रात्री बसलो, ड्रमरची सिंबलची बॅग सीटखाली, गिटारी मांडीवर, सकाळी बेंगलोर. तीन दिवसांचा स्टुडिओ बुक केलेला, ११ गाणी करून यायची असा बेत. आमच्या ड्रमरनं आयुष्यात क्लिक, म्हणजे वेग धरायला हेडफोनमध्ये वाजते ती टिकटिक, ऐकलेली नव्हती, कानात टिकटिक सुरू झाली की तो दोन ओळी सरळ जायचा आणि रोल आला की पळायचा, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक गाणं बसलं नाही. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्याचं आणि त्याचं भांडण, ब्रिज, म्हणजे गाण्यातला मधला वेगळा तुकडा, आठ बारचा की बारा बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) यावर, दोन वर्षं ते गाणं वाजवत होतो आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण प्रॅक्टिसला कुणीतरी मान हलवली की आम्ही वळायचो. आत इंजिनिअर शांतपणे पेपर वाचत बसलेला, त्याचं तासाचं मीटर चालूच. परत येताना हातात अडीच गाणी, खिसा रिकामा, गेलेल्या पैशातले वीस हजार उसने. वर सगळा डेटा एकाच सीडीवर, तिची दुसरी कॉपी काढायचं कुणालाच सुचलं नाही, पुढं तिला चरा पडला आणि अडीचातलंही एक गेलं.

तू फाउंड्री बघितली असशील, नसली तर उद्यमबागेत ये, दाखवतो. साचा नीट भरला नाही, वाळूत ओल राहिली, तर ओतकामात आत पोकळी राहते, ब्लोहोल म्हणतात. वरून कास्टिंग एकदम झकास दिसतं. आमच्याकडं ते लेथवर चढतं आणि टूल दोन मिलिमीटर आत गेलं की भोक उघडं पडतं. लोक म्हणतात मशिनिंग करून सुधारा. मशिनिंगनं भोक सुधारत नाही गा, ते उघडं पडतं. मिक्सिंग-मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं आणि त्यावर शेवटचा हात फिरवणं, त्याचं अगदी हेच आहे. कच्चं गाणं महागड्या स्टुडिओत नेलं की त्याचा कच्चेपणा जास्त स्पष्ट ऐकू येतो, एवढाच फरक.

म्हणून बेंगलोर की बेळगाव हे नंतर बघू. आधी १४ ची ७ कर.

कशी करायची? चौघांनी बसून मतदान करू नका, त्यात जो तो आपलं गाणं वाचवतो. ती १४ गाणी तुमच्यासाठी न आलेल्या लोकांसमोर दहा-बारा वेळा वाजवा. मित्र सोडून. मित्र सगळ्यालाच भारी म्हणतात. कॉलेजचा फेस्ट आहेच, पण तिथं अर्धी पब्लिक तुमच्याच वर्गाची. गणपतीत मंडळं स्टेज देतात, आधी अर्धा तास ऑर्केस्ट्राची गाणी वाजवतो म्हणून घुसा आणि मधे आपली दोन टाका. चोर्ल्यातून उतरलं की गोवा, तिथं लोकांच्या कानाला बँडची सवय आहे, ते टाळ्या उगीच वाजवत नाहीत आणि चूकही लगेच पकडतात. कोल्हापूर, हुबळी-धारवाड. गाडीखर्च निघाला तरी बास झालं.

वाजवताना लोकांच्या तोंडाकडं बघ. कुठल्या ओळीला हात खिशातल्या मोबाईलकडं जातो ते बघायचं. माझ्याकडं एक बँड होता, त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं, सुरुवातीला सव्वा मिनिटाचा गिटारचा इंट्रो, डिले-बिले लावून, सुंदर होता खरंच. एका मंडळाच्या स्टेजवर ते वाजवत होते आणि इंट्रोच्या मधेच एक काका स्टेजच्या कडेला येऊन साउंडवाल्याला विचारतात, चेकिंग झालं काय हो, गाणं कधी सुरू करणार? पोरं जाम दुखावली. पण पुढच्या आठवड्यात इंट्रो चार बारचा झाला आणि तेच गाणं नंतर त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलं. त्या काकांचं नाव क्रेडिटमध्ये टाका म्हटलं होतं मी, टाकलं नाही.

प्रत्येक कार्यक्रम मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि त्याच रात्री ऐकू नको, दुसऱ्या दिवशी ऐक. त्या रात्री सगळं भारी वाटतं. आणि प्रत्येक गाण्याचा वेग मोजून वहीत लिही, बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते मोजायचं, ॲप फुकट मिळतं. घरात ९६ नं वाजणारं गाणं स्टेजवर १०८ ला जातं असं दिसेल. दोन्हीतलं एकही बरोबर नसतं बहुतेक, गायकाला शब्द नीट तोंडात बसतात तो वेग बरोबर, तो १०० असेल, १०२ असेल, तो ठरव आणि मग ड्रमरला रोज अर्धा तास त्या क्लिकवर एकट्याला बसव. पहिला आठवडा तो शिव्या देईल. तिसऱ्या आठवड्यात त्याला क्लिक ऐकूच येईनाशी होते, म्हणजे हा बरोबर तिच्यावर बसला, टिकटिक किकच्या आवाजाखाली झाकली जाते. हे झालं की प्रत्येक गाण्याचा गाइड ट्रॅक बनवा, क्लिक, एक साधी गिटार आणि गायकाचा कामचलाऊ आवाज, एवढंच. रचना कागदावर लिहून काढा, इंट्रो ४, कडवं १६, ब्रिज ८. आमच्यासारखं आठ की बारा करत बसू नका.

आता एक गोष्ट सांगतो, तुला माहीत असेलही. ब्लॅक सॅबथ नावाचा बँड. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची पोरं, म्हणजे कारखान्यांच्या गावची, आपल्या उद्यमबागेसारखीच हवा, फक्त मोठी. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं, दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा कंटाळा आला होता, आई म्हणाली दिवस पूर्ण करून ये. गेला, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर गिटार वाजवणारा माणूस तो. (फोरमन असावा तर असा, आमचा रजेच्या अर्जाशिवाय काही आणून देत नाही.) मग आयोमीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबायला त्रास व्हायचा म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. बँजो म्हणजे तिकडचा हं, आपल्याकडं मिरवणुकीत बेंजो पार्टीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. पुढं तिसऱ्या अल्बमपासून गिटार तीन सेमीटोन, म्हणजे दीड सूर, खाली लावायला लागला, तारा अजून सैल. आज जगभरची पोरं जो जड, खालचा आवाज काढायला धडपडतात त्यातला बराचसा भाग त्या तुटलेल्या बोटांतून आलाय.

आणि त्यांचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला एका दिवसात. १६ ऑक्टोबर १९६९, लंडन, साधारण बारा तास, दुसऱ्या दिवशी मिक्स, १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी झाली. लोक हे ऐकून म्हणतात काय ती प्रतिभा. अरे दोघंही त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून आलेले, गाणी हातात इतकी मुरलेली की स्टुडिओत फक्त माइक लावायचं काम उरलं होतं. आपल्या देशातही बघ, दिल्लीचा इंडियन ओशन १९९० चा बँड, पहिला अल्बम १९९३, आणि दुसरा तर चालू कार्यक्रमाचंच रेकॉर्डिंग. झिजवलेली गाणी होती म्हणून ते जमलं.

भाषेचं. हा प्रश्न पुण्याच्या पोराला पडत नाही, आपल्याला पडतो, आणि इथं तो नुसता गाण्याचा प्रश्न राहत पण नाही हे तुला माहीत आहे, कुठल्या भाषेत बोर्ड लिहिला यावरनं इथं काय काय होतं ते बघत आपण मोठे झालो. मी त्यात पडत नाही. माझी कसोटी साधी आहे, ड्रमर चुकला की तू त्याला कुठल्या भाषेत शिव्या देतोस, त्या भाषेत गा. तू लिहिलेल्या मेसेजमध्येच 'येऊन जातो की', 'काय गा' असं दोन-तीनदा आलंय, आणि सोबत पाठवलेल्या गाण्याच्या ओळी मात्र एकदम पुस्तकी, 'अंतरीच्या वेदना' वगैरे. तुला कधी अंतरीच्या वेदना झाल्यात काय? पोटात कळ येत असेल. खानापूरच्या पावसाचं लिही, रात्रीची शेवटची एसटी चुकल्याचं लिही, आणि तो शेवटचा 'की' ठेव, आपल्या बोलण्यातला तो कन्नडच्या शेजारानं आलेला झटका रॉकच्या ओळीला फार छान बसतो, ओळ तिथं फटकन तुटते. तुमच्यातला कुणी घरात कन्नड बोलणारा असेल आणि त्याला कन्नडमध्ये लिहावंसं वाटलं तर अल्बमवर एक गाणं कन्नडमध्ये येऊ दे, पण त्यानं लिहिलेलं, भाषांतर नको. हिंदी जास्त लोकांपर्यंत जाते म्हणून हिंदी, हे गणित मी पाच बँडचं बघितलंय, हिंदीत तुम्ही हजारात हजारावे असता.

एक तांत्रिक अडचण मात्र सांगतो. मराठीत ऱ्हस्व अक्षर ताणलं की कानाला लगेच बोचतं. इंग्लिश गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवलेत की हे हमखास होतं, 'मन' चं 'मऽऽऽन' होतं. चाल आधी केली असेल तर जिथं लांब सूर आहे तिथं दीर्घ अक्षर पाडायचं, आ, ए, ओ. आणि डिस्टॉर्शन गिटार ज्या पट्ट्यात गर्दी करते, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ, त्याच पट्ट्यात माणसाच्या व्यंजनांची धार असते, म्हणून कडव्यात गिटार थोडी मोकळी ठेवा नाहीतर शब्द कळणारच नाहीत, मग मराठीत गायलं काय आणि तेलुगूत काय. हलगी घालू काय असं विचारलंयस. गाण्याला पाहिजे असेल तर घाल. मातीचा वास यावा म्हणून घालणार असशील तर नको. तुमच्या गावच्या भजनी मंडळात मात्र जाऊन बस चार गुरुवार, भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकच्या चार-चारच्या बीटवर चपखल बसतो, आणि ती म्हातारी माणसं लय कशी हळूहळू चढवतात ते तुमच्या ड्रमरला दाखव.

आयोमीचं सांगितलं तसंच बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीचं पण आहे. कुमार गंधर्व तिथं जन्मले, १९२४. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं, पाच-सहा वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते छोट्या छोट्या तुकड्यांत झडप घालणारं गाणं घेऊन, कारण लांब दम उरला नव्हता. तुमच्या गायकाचा वरचा सूर लागत नाही म्हणून तू रडतोयस. गाणं दोन सूर खाली आण, संपलं.

आता कुठं करायचं ते. माझं मत, ८० हजारात ड्रम तेवढे चांगल्या खोलीत करा आणि बाकी सगळं घरी. ड्रमला खोली लागते, उंच छत लागतं, चारपाच तरी चांगले माइक लागतात, आणि ते सगळं विकत घ्यायचा वेडेपणा करू नका. गाइड ट्रॅक तयार असतील आणि ड्रमर क्लिकवर बसलेला असेल तर ७ गाण्यांचे ड्रम दोन दिवसांत होतात, बेंगलोर, पुणे, गोवा कुठंही जा, ड्रम आपल्या हातानं ट्यून करणारा माणूस जिथं असेल तिथं जा. जायच्या आधी ड्रमला नवी स्किन्स, म्हणजे वरचे पडदे, घाला. माझ्या हिशोबानं ८० पैकी ३० ड्रमवर, २५ मिक्सिंगवर, १० मास्टरिंगवर, ५ तारा-स्किन्स-गाडीभाडं, आणि १० कुणालाही न सांगता बाजूला, कारण काहीतरी मोडतंच. नवीन गिटार यात नाही. मला माहीत आहे तुमच्या गिटारवाल्याला घ्यायचीय.

घरी करताना आपल्याकडचे शत्रू तीन. पहिला अर्थिंग. जुन्या घरांत थ्री-पिन असतं पण मागं अर्थची वायर असेलच असं नाही, मग गिटार लावली की ५० हर्ट्झचा घूं सुरू होतो आणि तारांना हात लावला की कमी होतो, असं झालं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलव, सॉफ्टवेअरच्या प्लगइननं तो आवाज काढायच्या नादी लागू नको. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (बाहेरचा घूं लगेच पकडतो तो) असेल तर ट्यूबलाइट, मोबाईल चार्जर लांब ठेव. गिटार अँपमधून घेताना डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगला देणारी डबी) लावून साधा कोरा सिग्नल पण वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेव, पुढं अँपचा आवाज आवडला नाही तर वाजवायला परत यावं लागत नाही.

दुसरा पाऊस. खानापूरचा पाऊस तुला मी काय सांगणार. पत्र्याखाली जून ते सप्टेंबर गायन रेकॉर्ड होत नाही म्हणजे होत नाही. शिवाय दमटपणानं गिटारची मान हलते, तारा आठवड्यात गंजतात, म्हणून रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा घालून ताणून ठेव आणि बाराव्या फ्रेटवर सूर बरोबर येतो का बघ, ट्यूनर हिरवा दाखवतो खाली आणि वर बेसूर, हे मी किती वेळा बघितलंय. गणपती झाल्यावरचा काळ सगळ्यात चांगला.

तिसरा शेजारी. माझ्या बाबतीत माग. आमच्या बोळात अजून चार घरांत पॉवरलूम आहेत, खटखट खटखट, भिंतीतून येतो तो आवाज. मी खोलीला आतून रॉकवूल लावलं, दारावर वाकळ टांगली, तरी खालचा धडधड भाग येतोच, कारण वाकळ, घोंगडी, गादी हे सगळं वरचा आवाज खातं, खालचा नाही, त्याला जाड वजनदार भिंत लागते. अंड्याचे ट्रे लावू नका, त्यानं काही होत नाही, उंदीर येतात. तर एकदा एक पोरगी गायला आलेली, सहा टेक झाले, प्रत्येकात मागाचा आवाज, ती रडकुंडीला आली आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळ्या बोळात एकदम शांतता. फॅन बंद, फ्रिज बंद, चारही घरांतले माग बंद. मी बघितलं तर लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी) यूएसबीवरच चालणारा, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट पण तोच देतो. म्हटलं गा. अंधारात मोबाईलच्या उजेडात कागद धरून तिनं अख्खं गाणं एका दमात गायलं. घूं नाही, खटखट नाही, तो टेक अल्बमवर आहे. तेव्हापासून इन्व्हर्टर घ्यायचा विचार मी सोडून दिला, लाईट गेली की पोरं वैतागतात आणि मी हेडफोन शोधतो.

बारीक गोष्टी पटापट सांगतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड कर, पीक उणे १० डीबीच्या आसपास ठेव, लाल दिव्याला शिवू नको, आजच्या काळात जोरात रेकॉर्ड करायचं काही कारण नाही. गायकानं त्या दिवशी कुंदा खायचा नाही, दुधातुपाचं घशाला चिकटतं, झाल्यावर पाहिजे तेवढा खा. दोन-तीन तासांपेक्षा जास्त गाऊ नये. प्रत्येक रात्री डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी किंवा ऑनलाइन. आमची सीडी आठव. आणि मिक्स तुमच्या बँडमधल्या कुणी करू नये. गिटारवाल्यानं केलं तर अल्बमभर गिटार ऐकू येते. मिक्स आला की रिक्षात ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर ऐक, आईला स्वयंपाकघरातून ऐकू दे आणि विचार शब्द कळतात काय. मास्टरिंगवाल्याला 'अजून लाऊड कर' म्हणू नको, स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं किती जोरात ऐकू येतं ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, तू दाबून दाबून उणे ७ ला नेलंस तर तिथं ते परत खालीच येणार, फक्त ड्रमचा जीव गेलेला असणार.

कागदपत्रं. हा भाग कुणाला आवडत नाही आणि भांडणं सगळी इथनंच होतात. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी चौघांनी एका कागदावर लिहा, कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगची मालकी कुणाकुणाची किती टक्के, कुणी बँड सोडला तर काय, आणि सह्या करा. मैत्री आहे म्हणूनच करा. मैत्री गेल्यावर कोण सही करतंय. गाणं लिहून झालं की कॉपीराइट आपोआप तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून करायची तर शब्दांची किंवा चालीची प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाची २००० रुपये सरकारी फी आहे. शब्द आणि चालीवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगवरचा प्रकाशनापासून ६० वर्षं. कुणी सगळे हक्क कायमचे लिहून घेऊन थोडी रक्कम देतो म्हणाला तर आधी वकिलाला दाखव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये गाणं गेलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, हे पण डोक्यात ठेव. ज्यांनी लिहिलंय, चाल दिलीय त्यांनी आयपीआरएसचं सभासद व्हा, १९६९ पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी ती गोळा करते. कव्हर गाणं पहिल्या अल्बमवर नकोच, त्याच्या परवानगीची भानगड वेगळी आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

बाहेर काढायचं आता सोपं झालंय. डिस्ट्रिब्युटर निवडायचा, तो सगळ्या ॲप्सवर गाणी चढवतो, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा नंबर बहुतेक तोच देतो, तो जपून ठेव. सात एकदम टाकू नका. आधी तीन गाणी, दीड-दोन महिन्यांच्या अंतरानं एकेक, मग अल्बम. स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर रिलीजच्या कमीत कमी ७ दिवस आधी, मी म्हणेन चार आठवडे आधी चढव. ३० सेकंद ऐकलं तरच ते स्ट्रीम धरलं जातं, म्हणून मघाचे ते चेकिंगवाले काका परत आठव. आणि २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षात १००० स्ट्रीम होत नाहीत त्याचे पैसे तिथं मिळतच नाहीत. म्हणजे यातनं ८० हजार परत येतील हा हिशोब आजच मोडून टाक. पैसे येतात ते स्टेजवरनं, आणि अल्बम म्हणजे तुमचं स्टेज मिळवायचं कार्ड.

नोकरीचं. घरच्यांना सांग नोकरी करणार आणि वाजवणार. मी तेच करतोय आणि उपाशी नाही. शेवटचं वर्ष आहे तर बॅकलॉग ठेवू नको, त्यावरनं घरी जो तमाशा होतो त्यात प्रॅक्टिसचे दोन महिने जातात.

आता जून उजाडतोय. पावसात गाणी झिजव, गणपतीत जिथं मिळेल तिथं वाजव, दसऱ्यानंतर ड्रम करून आणा. गायन आणि गिटार माझ्याकडं करायचं असेल तर वडगावात ये, खोलीचं भाडं नको, हार्ड डिस्क तेवढी आपली आण. आणि लॅपटॉप पण आण, बॅटरी फुल चार्ज करून. माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता वीस मिनिटं टिकते आणि आमच्याकडं लाईट कमीत कमी तासभर तरी जाते.